बाबांच्या दंडाची दोरी

पहिलंच सांगून ठेवते... मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. जन्मभर वर्ध्याच्या शाळेत शास्त्र शिकवलं. शाळेमागे एक चिंच होती, तिच्याखाली भर दुपारी कोणी फिरकत नसे. मी मुद्दाम तिथेच बसून डबा खायची. चिंचेने माझं काही वाकडं केलं नाही, डब्यात मुंगळे तेवढे पडायचे. या सदरातले तुमचे अनुभवही मी चुका काढत वाचते. अमावास्या म्हणता आणि दोन ओळींनी चांदणं पाडता!

पण एक गोष्ट माझ्यापाशीही आहे. नव्वदी जवळ आली, बोटं चालत नाहीत, म्हणून मी सांगतेय आणि नात टाइप करतेय. भर दिवसा, माझ्यासमोर घडलेली गोष्ट आहे आणि मला ती आजवर सोडवता आलेली नाही. कोणाला सुटली तर सांगा.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. वर्धा जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता. आम्ही नालवाडीला राहायचो — तेव्हाची नालवाडी म्हणजे गावाबाहेरची मोजकी घरं, मागे भाजीच्या वाड्या आणि पुढे नागपूरकडे जाणारा रस्ता. माझे बाबा भाड्याची मोटार चालवायचे. एका वकिलाने वापरून वापरून टाकलेली जुनी विलायती गाडी त्यांनी घेतली होती, आणि आसपासच्या खेड्यांत तिला लोक "बाळंतिणीची मोटार" म्हणायचे. खेड्यात एखादी बाई अडली की कोणीतरी सायकल हाणत आमच्या दारात येई, आणि बाबा तिला वर्ध्याच्या दवाखान्यात आणून सोडत. सोबत माझी माय असायची. परक्या ड्रायव्हरबरोबर सून धाडायला घरचे कचरत, पण "डायवर बुवाची बायको संगं आहे" म्हटलं की गप्प बसत.

माय सोबत लागायची त्याला आणखी एक कारण होतं. बाबांना ऐकू येत नव्हतं.

जन्मभर इंजिनाशेजारी बसून कान गेले होते. समोर उभं राहून मोठ्याने बोललं तर ओठांवरून समजत, पण मागून लॉरीने कितीही भोंगा वाजवला तरी त्यांना पत्ता नसे. त्यात डावा गुडघा आखडलेला. अशा माणसाने गाडी का चालवावी, असं तुम्हाला वाटेल. आमच्या दादालाही तेच वाटायचं. पण तेव्हा कान कोणी तपासत नव्हतं, आणि बाबांनी ती गाडी आपल्या म्हातारपणाच्या मापाची करून घेतली होती. क्लचवर मिस्त्रीकडून लाकडी ठोकळा बसवला, म्हणजे गुडघा फार वाकवायला नको. पकड सुटू नये म्हणून स्टिअरिंगला सुतळी गुंडाळली. बाहेरच्या बाजूला आपला दाढीचा आरसा तारेने बांधला. दाढी मग गाडीजवळ उभं राहूनच करायचे.

आणि दोरी. बाबांच्या उजव्या दंडावर एक कापडी पट्टी असे, पट्टीला पितळी आकडा, आकड्यात दोरी अडकवलेली. दोरीचं दुसरं टोक मागच्या सीटवर मायच्या हातात. एकदा ओढलं की मागून गाडी आली आहे, वाट द्या. दोनदा ओढलं की थांबा. ही दोरी माझ्या पाळण्याची होती. टोकाला लाल चिंधीची गाठ. माय म्हणायची, "पोरगी मोठी झाली, आता या बुढ्याले झुलवतो बाप्पा!"

"थांबा" याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असे — बाळ दवाखान्यापर्यंत वाट पाहायला तयार नाही. मग बाबा गाडी बाजूला घेत, दंडाची दोरी काढत आणि मागे न बघता डावीकडच्या शेतात जाऊन गाडीकडे पाठ करून उभे राहत. कितीही वेळ लागो. बायका असल्या की गाडीतला आरसाही त्यांनी आधीच छताकडे फिरवलेला असे. सगळं आटोपलं की हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून माय गाडीचा हात बाहेर काढायची. आजच्या मुलांना हा हात माहीत नसेल. वळताना दाखवायला तेव्हा लुकलुकणारे दिवे नव्हते. दारामागच्या खांबात वीतभर लांबीचा एक हात दडलेला असे, बटण दाबलं की टक्कन आडवा बाहेर येई, आत केशरी दिवा लागे. बटण सोडलं की आपल्या वजनाने परत आत पडे. बाबा अधूनमधून खांद्यावरून तेवढा हात निघाला का बघत. निघाला की परत येत.

मग एका पावसाळ्यात माय गेली. साधा ताप म्हणता म्हणता कावीळ निघाली आणि पोळ्याच्या आधीच ती गेली. मी तोंडात पदर कोंबून रडायची, कोणी ऐकेल म्हणून नव्हे... घरात ऐकणारं कोणी नाही, हे मला सोसत नव्हतं. बाबा रडले नाहीत. ते गाडी पुसत बसत.

दादा नागपूरला कचेरीत कारकून होता. दिवाळीला आला तेव्हा त्याने विषय काढला, बाबांच्या समोर बसून, ओठ दिसतील असा.

"बाबा, आता पुरे झालं. माय होती तोवर ठीक होतं. मागून कोण सांगन तुमाले?"

"सुमन आहे ना."

"सुमनले शाळा आहे. अन् उद्या कोणाच्या अंगावर गाडी गेली तं? लोक म्हातारा म्हणून सोडनार नाईत."

बाबा म्हणाले, "घरी बसून काय करू मी? भिंती पाहू? गाडीत बसलो का मले वाटते ती मागं आहे."

हट्टी बापाचा पोरगाही हट्टीच. जाताना त्याने गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल पिशवीत घालून नागपूरला नेलं. गाडीचा सेल्फ कधीच मेला होता, हँडलशिवाय ती जागची हलायची नाही, असा त्याचा हिशोब. बाबांनी दोन दिवस हँडल शोधलं, तिसऱ्या दिवशी समजले आणि हसले. म्हणाले, "कारकून झाला, पण अक्कल नाई आली. उतारावर ढकलली का होते चालू."

मी कोणाच्या बाजूची होते? मला दादाचं पटत होतं आणि बाबांचा चेहरा बघवत नव्हता. गाडी बंद झाली तर बाबा फार दिवस काढणार नाहीत, ही माझी भीती. आणि चालू राहिली तर एखाद्याचा जीव जाईल, ही दुसरी.

कापसाचे दिवस आले. एका रविवारी सकाळी सिंदीकडच्या एका खेड्यातून माणूस आला. त्याची बायको कालपासून अडलेली, सुईणीने हात टेकले होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी चपला घातल्या.

मायची जागा घेऊन मी पहिल्यांदाच मागे बसले. बाबांनी आकड्यात दोरी अडकवली आणि लाल गाठ माझ्या हातात दिली. शेजारपाजारच्यांनी गाडी ढकलून दिली. सेलूच्या अलीकडे मागून एक लॉरी आली, मी घाबरून अशी दोरी ओढली की बाबांचा हात स्टिअरिंगवरून सुटला.

"बैल नाई मी, सुमे!" ते ओरडले. "तुही माय कशी ओढे... आधी थोडी ढील दे, मंग ओढ. पाळण्यावानी."

मी प्रयत्न केला, पण ते काही मला जमलं नाही.

त्या खेड्यात पोचलो तेव्हा बाई निपचित पडत आली होती. चौघांनी तिला गोधडीवर उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी दोन सीटांमधल्या जागेत तिच्या पायांपाशी उकिडवी बसले. बाबा तोवर विहिरीवरून इंजिनात घालायला पाणी आणत होते. कोणी कपड्यांचं गाठोडं मागे बांधत होतं, कोणी रडत होतं, नवरा सायकलवर पुढे निघाला होता... नुसता गोंधळ. बाबांनी आरसा छताकडे फिरवला, उतारावर लोकांनी ढकलली आणि आम्ही निघालो.

रस्त्यावर कापसाच्या बंड्याच बंड्या, बैलगाड्यांची नुसती रांग. बाबा धुळीतून वाट काढत होते. बाई कण्हत होती, मग कण्हणंही थांबलं. मी सासूला विचारलं, "किती वेळ आहे?" ती म्हणाली, "अजून लय टाइम आहे माय. वर्धा गाठा लवकर." मी बाईचे तळवे चोळत होते. दोरीची मला आठवणही नव्हती, खरं सांगते.

फाटा सोडून मुख्य रस्त्याला लागलो आणि थोड्याच वेळात गाडी एकदम बाजूला गेली. थांबली. बाबांनी इंजिन बंद केलं.

इंजिन बंद... हँडल नागपूरला असताना, सपाट रस्त्यावर!

"काऊन थांबले?" सासू किंचाळली. "अवो बुवा, जीव जाऊन राह्यला पोरीचा! चला ना!"

बाबांना काय ऐकू येणार? ते उतरले आणि नेहमीसारखे, मागे न बघता, डावीकडच्या कापसाच्या पऱ्हाटीत चालू लागले. दूर एका बाभळीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले.

माझ्या डोक्यात एकच आलं — दादा बरोबर होता. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, आणि आता ही बाई आमच्या गाडीत मरणार. मी दार उघडून धावणार तेवढ्यात सासूने माझा दंड धरला. "थांब... थांब, पोरी. हे पाह्य."

अजून पुष्कळ वेळ आहे म्हणणाऱ्या त्या म्हातारीला, सुनेवर वाकून बघताना, आता बाळाचं डोकं दिसत होतं. पुढचं सगळं मी सांगत नाही. नाळ बाळाच्या मानेभोवती गुंडाळलेली होती आणि बाळ निळं पडलं होतं. सासूने जन्मात बरीच बाळंतपणं केलेली. तिने पायांकडे सरकून, बोट घालून नाळ हळूच सोडवली, मी बाईचे गुडघे धरून होते. बाळाला पालथं धरलं, पाठ चोळली. बराच वेळ काहीच नाही. मग ते रडलं. मुलगी होती.

सासू नंतर कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "चालत्या गाडीत माह्यं बोट लागलं नसतं वं. धक्क्यानं फासच बसला असता." मी पाहिलंच होतं, ते खरं होतं.

मी बाबांना आणायला शेतात गेले. गाडीचा हात काढायचं मला सुचलंच नाही. खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले.

"झालं?"

"झालं. दोघी बऱ्या आहेत. पण बाबा, तुम्ही थांबले काऊन?"

"तूच तं दोनदा ओढलं."

"मी नाई ओढलं."

त्यांनी माझे ओठ नीट बघितले. "पुन्हा सांग."

"मी नाई ओढलं, बाबा. मी हातही नाई लावला."

ते गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मलेही वाटलंच. ढील देऊन ओढलं होतं."

गाडी बंडीवाल्यांनी ढकलून दिली. वर्ध्याच्या दवाखान्यात बाई-बाळ सुखरूप पोचली. पण मला खरा घाम फुटला तो तिथे. गाठोडं उतरवायला म्हणून मी गाडीच्या मागे गेले. ते ज्या दोरीने बांधलेलं होतं, तिच्या टोकाला लाल चिंधीची गाठ होती.

खेड्यात बाबा पाण्याला उतरले तेव्हा त्यांनी दोरी आकड्यातून काढून सीटवर टाकली होती. गाठोडं बांधायला कोणाला तरी दोरी हवी होती, त्याने ती उचलली. परत निघताना घाईत बाबांनी दंडाकडे बघितलं नाही. म्हणजे तिथून निघालो तेव्हापासून त्यांच्या दंडावर नुसती पट्टी होती, रिकामा आकडा. त्याला काहीही जोडलेलं नव्हतं.

मी दोरी सोडवून बाबांच्या हातात दिली, कुठे मिळाली ते सांगितलं. ते म्हणाले, "उतरताना दंडाले हात लावला, दोरी नव्हती. मी म्हटलं तूच ओढून घेतली असन." एवढंच. दोरी घडी करून खिशात ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, सवय. वर्षानुवर्षं दंडाला ओढ बसलेली, शरीराला भास होतो. मान्य. सदरा कशात अडकला असेल. तेही मान्य. पण भास नेमका तेव्हाच का व्हावा? मागचं त्यांना ऐकू येत नव्हतं, आरसा छताकडे होता, आणि बाळ येतंय हे तर मांडीवर डोकं घेऊन बसलेल्या सासूलाही कळलेलं नव्हतं. मी कितीदा हे गणित मांडलं. प्रत्येक वेळी शेवटी बाकी उरते.

बाबांनी घरी आल्यावर गाडी कडुनिंबाखाली लावली. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "दादाले कळव. मी आता चालवत नाई."

मी ताट तसंच धरून राहिले. "काऊन बाबा? आज तं तुमच्यामुळं..."

"थांब म्हणे ती. थांबलो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "झाल्यावर ती हात काढे, मंग मी येओ. आज हात नाई निघाला. तू आली बोलवाले. तुह्यासाठी वर्ध्यापावतर आणली गाडी... पण तिनं चाल म्हटलंच नाई."

दादा हँडल घेऊन धावत आला, बापाने हार मानली म्हणून खूश व्हायचं की रडायचं, त्याला कळेना. गाडी विकू म्हणाला, त्याला बाबा नाही म्हणाले. तेवढं दादाने ऐकलं. बॅटरी मिस्त्री घेऊन गेला. गाडी झाडाखाली उभी राहिली, कोंबड्या खाली बसायला लागल्या.

मला वाटत होतं बाबा खंगतील. तसं झालं नाही. ते शांत झाले. फक्त त्यांनी आपली बाज गाडीच्या डाव्या बाजूला हलवली. मला वाटलं सावलीसाठी. एकदा मी भाजी निवडत होते तर त्यांनी विचारलं, "हात निघाला का वं?"

"बॅटरी नाई बाबा. निघन कसा?"

"हाओ... तेही खरंच आहे," म्हणाले आणि हसले. पुन्हा कधी विचारलं नाही. पण बघत मात्र असायचे, कोणी पाहुण्याची वाट बघावी तसे.

अशी दोन-तीन वर्षं गेली. दरवर्षी दसऱ्याला ते मला गाडीला हळदकुंकू लावायला सांगत. मी सगळी गाडी पुसायची, त्या हाताच्या खाचेत तेल सोडायची. हात आत असायचा. बोटाने वर उचलून सोडला की लगेच आत पडायचा.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळी मी चहा घेऊन अंगणात गेले. बाबा बाजेवर बसल्या बसल्या कलंडलेले होते. अंग गार. पण रात्री काढून ठेवलेल्या वहाणा पायात होत्या, आणि उजव्या दंडावर, किती दिवसांनी, ती कापडी पट्टी. तोंड गाडीकडे.

गाडीचा डावा हात बाहेर होता.

दिवा अर्थातच नव्हता. नुसता हात, आडवा, सरळ. मी बाबांकडे धाव घ्यायची सोडून आधी तिकडे गेले, हे मला आजही विचित्र वाटतं. बोटाने दाबला. लगेच आत पडला. मी तो पुन्हा उचलला आणि सोडला. पडला. पुन्हा उचलला. राहतच नव्हता. मग मी तिथेच मातीत बसून, माय गेली तेव्हा रडले नव्हते तशी, मोठ्याने रडले.

दादा म्हणाला, गंजला असेल, थंडीने आखडला असेल. असेल. मी शास्त्राची बाई, गंज मला पळवाट म्हणून चालला असता. पण तेल मीच घातलं होतं, आणि अडकलेली वस्तू इतकी अलगद पडत नाही. दंडाला बसलेली ओढ आणि बाहेर आलेला तो हात, दोन्हींचं उत्तर माझ्यापाशी नाही. आता सापडायला वेळही उरलेला नाही.

हे टाइप करता करता नात थांबली आणि तिने विचारलं, "आजी, मग शेवटी तो हात तू आत ठेवलास की बाहेर?"

आतच राहू दिला. बाबा निघाले होते, आता तो कोणासाठी बाहेर ठेवायचा?